निघोजचे रांजणखळगे: नववीच्या मुलांना घेऊन

पुण्याहून सहाला निघायचं ठरलं, निघालो साडेसातला. नगर रस्त्याने शिरूर, तिथून आत निघोज. एकूण साधारण ९० किलोमीटर. रांजणखळगे म्हणजे नदीच्या खडकात पडलेले रांजणासारखे खोल खड्डे. ते बघायला कुकडी नदीच्या पात्रात उतरलो तोवर काळा बेसाल्ट खडक तव्यासारखा तापला होता. तुम्ही नऊच्या आत पोहोचा. सावली म्हणाल तर मळगंगेच्या देवळापाशी मिळेल तेवढीच.

खळगे कसे झाले, हे मी मुद्दाम आधी सांगितलं नाही. "सुरुंग लावलाय," एक जण म्हणाला. दुसऱ्याच्या डोक्यात लोणार होतं, त्याने उल्का पाडली. मग एका कोरड्या, उथळ खळग्यातला ऐवज त्यांना बाहेर काढायला लावला. निघाले गोल गुळगुळीत गोटे आणि वाळू. आतल्या भिंतीवरून हात फिरवत एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर खलबत्ता!" बस, निम्मा तास तिथेच शिकवून झाला. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगरतात, खडक घासत खाली जातात. शेजारचे दोन खळगे एकमेकांत फुटतात आणि नदीला खोल घळ मिळते. मधली भिंत पातळ होत आलेली जोडी मुलांना शोधायला लावा, सापडतेच.

एक गोंधळ हमखास होतो. खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खळगे त्यामानाने अगदी कालचे. मुलं दोन्ही वयं एकच धरतात.

सामान फारसं लागत नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवा; काळे कण चिकटतात, ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. खडकातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट हे चुन्याचं खनिज, नाही आले तर बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ ही दुसरी खनिजं. हातोडी मात्र घरीच ठेवा, नाहीतर प्रत्येकाला 'नमुना' हवा असतो.

पावसाळ्यात जाऊच नका. उन्हाळ्यातही निघण्याआधी गावात फोन करून वरच्या धरणातून नदीत पाणी सोडलंय का, ते विचारा. चपला नकोत, बूट हवेत. झिजलेला दगड कोरडा असला तरी पाय सटकतो. काठावर जाऊ नका असं मी दहादा ओरडलो, कुणी ऐकेना. शेवटी हिरव्या पाण्याच्या एका खळग्यात दोरीला दगड बांधून सोडला. पाच मीटर दोरी संपली, तळ लागला नाही. मग सगळे आपणहून दोन पावलं मागे सरले.