दोन रकाने

दुपारी सुई शोधायला खण उपसला, तर तळाशी वहीच्या कागदाची पुडी निघाली. आत सात बिया. काळपट, चपट्या, एका टोकाला पांढरा ठिपका. कसल्या, आठवेना. टाकायला उठले आणि डब्यापाशी हात अडला. जिवंत असल्या तर?

हे खूळ जुनंच. शाळेत पानाच्या मधोमध रेघ मारून सजीव-निर्जीव असे दोन रकाने भरायचे. लक्षणं तोंडपाठ: वाढ, हालचाल, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, पुनरुत्पादन. मी सजीवांत मेणबत्तीची ज्योत लिहिली. मेण खाते, हवा नसेल तर गुदमरते, काजळी टाकते, फुंकर आली की दचकते आणि एकीवरून दुसरी लावली की पिल्लूसुद्धा! बाईंनी लाल फुली मारली. "ज्योतीला पेशी असतात का गं?" पेशींचं आधी कुठे सांगितलं होतं? थोडा राग अजून आहे.

पुढे पुस्तकात खेचर भेटलं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, याच्या वाट्याला ६३. जोड्या जुळत नाहीत, म्हणून पिल्लं सहसा नाहीतच. म्हणजे एक लक्षण गळालं. पण लाथ अशी मारतं की फुली मारायला जवळ कोण जाणार?

बीची गत उलटी. अंगात सगळं आहे, करत मात्र काहीच नाही. इस्रायलमधल्या मसाडाच्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या, सुमारे २००० वर्षांच्या. सापडल्यावरही चाळीसेक वर्षं नुसत्या पडून होत्या. २००५ साली त्यांतली एक रुजली, झाड झालं. त्याआधी तिला कुठल्या रकान्यात घातलं असतं? मी तर बिनदिक्कत निर्जीवात घातली असती, वर अक्षरही छान काढलं असतं.

तर बशीत ओला कापूस घालून त्यावर सातही ठेवल्या. रोज सकाळी दात घासायच्या आधी बशीत डोकावते. पाचव्या दिवशी एकीचं साल उकललं, आतून पांढरं टोक, नखाच्या कोरीएवढं. बाकीच्या ढिम्म. आणि एकीवर करडी, लवदार बुरशी आलीय. काल ठिपका होता, आज अर्धी बी झाकली. वाढ आहे, श्वसन आहे, पुनरुत्पादन तर विचारूच नका.

आणि पेशीही आहेत, बाई.