आषाढीला मेलबर्न: पखवाज, तबला, तानपुरा आणि विमानप्रवास

आषाढी एकादशीच्या सुमारास मेलबर्नमधल्या मराठी मंडळींसाठी अभंगांचा कार्यक्रम करून आमचा चमू नुकताच परतला. मुंबईहून सिंगापूरमार्गे गेलो आणि त्याच वाटेने आलो. मी साथीला होतो आणि वाद्यांची जबाबदारीही माझ्याकडे होती, म्हणून इथे फक्त वाद्यांबद्दल लिहितोय. पुढच्या वर्षी कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

तिकिटं काढण्याआधीच कुठलं वाद्य न्यायचं आणि कुठलं तिथे मागून घ्यायचं, हे ठरवा. आम्ही पेटी (हार्मोनियम) नेली नाही, आणि माझ्या मते सगळ्या दौऱ्यातला तोच सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. मराठी वस्ती असलेल्या मोठ्या शहरात चांगली पेटी कुणाकडे तरी असतेच. आयोजकांना सांगून तिच्यावर काळी एकचा (पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरलेलं रेकॉर्डिंग फोनवर मागवलं, सगळे सूर एकेक करून वाजवायला लावले, भात्याची हवा किती टिकते तेही बघितलं. स्केल चेंजर पेटी जड असते, आणि बेल्टवर आपटली की एखादा तरी सूर बसतो. न्यायचीच असेल तर भात्याच्या कड्या घट्ट लावा, पट्ट्यांवर टॉवेलची घडी ठेवून मग झाकण बंद करा, आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर चेक-इनच्या बॅगेत टाका.

तबला आणि पखवाज मात्र स्वतःचेच हवेत. पुडीवर (तोंडावरच्या कातड्यावर) हात बसलेला असतो, तो उसन्या वाद्यावर लगेच बसत नाही.

केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी सात किलो. तबला-डग्ग्याची जोडी त्यात बसत नाही, एकटा तबला बसतो. मी तबला हातात ठेवला आणि डग्गा कपड्यांच्या मधोमध सुटकेसमध्ये, तोंडावर गादी बांधून. तबल्याच्या शाईत (पुडीवरच्या काळ्या गोलात) लोखंडाची पूड असते, त्यामुळे एक्स-रेमध्ये तो भाग गडद दिसतो आणि सुरक्षा तपासणीत बॅग उघडायला सांगतात. मुंबईत सांगितलं, सिंगापूरलाही सांगितलं. तबला वरच्या वर काढता येईल असाच ठेवा, म्हणजे रांग खोळंबत नाही. हातोडी केबिनमध्ये चालत नाही, ती चेक-इनमध्येच. टाळांचंही तसंच करा, पितळेचे जाड टाळ हातात घेऊन वजन वाया घालवू नका. हाताला लावायची पावडर लहान डबीत न्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 350 मिलिलिटरपेक्षा मोठा पावडरचा डबा केबिनमध्ये असला तर वेगळी तपासणी होते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी पॉवर बँक नेणार असाल तर ती मात्र केबिनमध्येच हवी, आणि 100 वॉट-तासांच्या आतली. ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, फक्त प्लगच्या पट्ट्या तिरक्या असतात. एक अडॅप्टर पुरतो.

पखवाज चेक-इनमध्ये गेला. एका नगाची नेहमीची मर्यादा 23 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटीमीटर. कडक पेटीसकट पखवाज त्यात बसवता येतो, पण घरीच वजन करून आणि टेप लावून बघा. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आमच्या पखवाजाच्या पेटीला आधी ‘ओव्हरसाइज’ ठरवलं. मोजमाप लिहिलेला कागद आणि विमान कंपनीचं आधीचं ईमेल छापून बरोबर होतं, ते दाखवल्यावर विषय मिटला. हवेच्या दाबाने पुडी फुटते असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही, सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब ठेवलेला असतो. वाद्य बिघडतं ते आपटल्याने आणि कोरड्या हवेने. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून ताण कमी करा, पण वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) पूर्ण सैल सोडू नका.

तानपुऱ्याचा प्रश्न अवघड. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या सुंदर भोपळ्याला बेल्टवरचा धक्का सोसत नाही. मिरजेतच प्रवासासाठी लहान, सपाट लाकडी खोक्याचे तानपुरे मिळतात, आम्ही तसाच नेला. घराण्यात चालत आलेला मोठा तानपुरा न्यायचा असेल तर फायबरची केस घ्या, तारा थोड्या उतरवा, घोडीखाली (जिच्यावरून तारा जातात तिच्याखाली) मऊ कापड द्या आणि जवारीचे, म्हणजे तारांखाली सरकवायचे, दोरे वेगळ्या पाकिटात ठेवा.

जुन्या तंतुवाद्यांबाबत एक गोष्ट फार महत्त्वाची. घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर ते वाद्य घरीच राहू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडूनच ते बाहेर नेता येत नाही, आणि परदेशात जप्त झालं तर परत मिळण्याची आशा धरू नका. उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची घोडी असेल, पांढरी नक्षी सेल्युलॉइडची असेल, तर कारागिराकडून बिलावर तसं स्पष्ट लिहून घ्या. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. शिसवीच्या लाकडाची काळजी आता फारशी नाही. 2017 पासून सगळं शिसव आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमनाखाली आलं होतं, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

आता मेलबर्नच्या विमानतळाबद्दल, कारण सगळ्यांना धास्ती त्याचीच असते. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. आपल्या वाद्यांत बकऱ्याचं कातडं, चामड्याची वादी, लाकडाचे गट्टे, भोपळा, हाड, म्हणजे त्यांना विचारायचं असतं ते जवळपास सगळंच असतं. विमानात मिळणाऱ्या कार्डावर प्राण्यांपासून आणि लाकडापासून बनवलेल्या वस्तूंच्या प्रश्नाला आम्ही सरळ ‘हो’ लिहिलं. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. आपणहून सांगितलं तर फार तर वाद्य उपचारासाठी ठेवून घेतील आणि खर्च आपल्याला भरावा लागेल.

खरं काम घरीच करायचं असतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेल्या कणकेचा कण न् कण ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच तो पेटीत ठेवा. गजऱ्याच्या (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीच्या) कडेला वाळलेली कणीक अडकून बसते, तिथे दातकोरणं फिरवा. वारीत वाजवलेला पखवाज असेल तर वादीच्या पिळात आणि गट्ट्यांखाली माती असते, आणि माती तिथे अजिबात चालत नाही. मऊ ब्रशने एकेक गट्टा साफ केला. टाळांच्या दोऱ्या नव्या घातल्या. कणीक बरोबर नेऊ नका, गव्हाचं पीठ तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतं. प्रसादाचा हार आणि तुळशीची पानंही घरीच ठेवा. गळ्यातली तुळशीमाळ मात्र आम्ही सांगितली आणि त्यांनी बघून परत दिली.

तपासणी करणाऱ्या बाई नीट आणि शांतपणे काम करत होत्या. त्यांनी पखवाज टेबलावर आडवा ठेवला, टॉर्चचा झोत वादीच्या मधून आत टाकला, गजऱ्याला केस राहिलेत का ते बोटाने चाचपलं, लाकडाला किडीची भोकं आहेत का ते फिरवून फिरवून पाहिलं. वाद्य स्वच्छ आहे असं दिसल्यावर त्यांनी ते स्वतःच्या हाताने पेटीत परत ठेवलं. काय कसं वाजतं ते विचारलं, मीही दोन बोल वाजवून दाखवले. त्या रांगेसाठी वेळ मात्र हाताशी ठेवा. उतरल्याच्या दिवशी कार्यक्रम घेऊ नका.

पुढचा प्रश्न सुराचा. मुंबईत आषाढात हवा दमट, पुडी उतरलेली. मेलबर्नला तेव्हा ऐन हिवाळा, बाहेर दुपारीसुद्धा चौदा-पंधरा अंश, आणि सभागृहात हीटर. कोरड्या गरम हवेत कातडं ताणतं आणि तबला चढतो. मुंबईत पांढरी एकला नीट बसणारा माझा तबला तिथे काळी एकच्याही वर गेला. म्हणून वाद्यं आदल्या रात्रीच सभागृहात किंवा तितक्याच तापमानाच्या खोलीत ठेवायची सोय आयोजकांकडून मागून घ्या. आम्ही मागितली होती, आणि कार्यक्रमाआधी दोन तास नुसती वाद्यं सुरात मिळवत बसलो. हीटरचा झोत थेट वाद्यावर येणार नाही अशी बैठक मांडा. पखवाजाची कणीक तिथे पटापट वाळते, मध्यंतरात ओल्या बोटाने ती मऊ करावी लागते. एक जादा पुडी जरूर न्या, ती चढवणारा माणूस तिथे शोधत बसाल तर कार्यक्रम होऊन जाईल.

परतीला पखवाजाच्या पेटीचा एक कोपरा दबलेला निघाला. वाद्य सुखरूप होतं, तरी बेल्टजवळच्या काउंटरवर लेखी नोंद केली. विमानतळातून बाहेर पडायच्या आधी ती करून घ्या, लेखी तक्रारीची मुदत सात दिवसांची असते. माँट्रियल करारानुसार चेक-इन सामानाच्या नुकसानीची भरपाई दर प्रवाशामागे 1,519 एसडीआरपर्यंतच (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास. वाद्य त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जादा किंमत जाहीर करून शुल्क भरता येतं, किंवा वाद्याचा वेगळा विमा काढता येतो. साध्या प्रवासविम्यात वाद्य धरलंय का, ते पॉलिसीत वाचून घ्या.

निघताना मुंबईच्या कस्टम्सकडून परदेशी बनावटीच्या माइक आणि रेकॉर्डरसाठी निर्यात प्रमाणपत्र करून घेतलं होतं, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतले. हे काम सामान चेक-इनला देण्याआधी करायचं असतं, कारण अधिकारी वस्तू बघून शिक्का देतात. परत येताना तो कागद दाखवला आणि ड्यूटीचा प्रश्न आला नाही. वायरलेस माइक मात्र नेऊ नका, फ्रिक्वेन्सीचे पट्टे देशागणिक वेगळे असतात आणि आयोजकांकडे तिथले चालणारे सेट असतातच.