ओबर्लिन : शाळेने घडवलेलं गाव

क्लीव्हलँडहून नैर्ऋत्येला निघालं की तासाभरात ओबर्लिन येतं. आजूबाजूला शेतं आणि मधोमध टॅपन स्क्वेअरचं ऐसपैस हिरवं मैदान. ओहायोत आल्यापासून हे गाव बघायचंच, हे माझं ठरलेलं होतं. इथे आधी वस्ती आणि मागाहून शाळा असं झालंच नाही. १८३३ साली जॉन शिफर्ड आणि फिलो स्टुअर्ट यांनी रान तोडून गाव आणि विद्यालय एकदमच उभारायला घेतलं.

मी सगळ्यात आधी गेलो ती छोटी लाल शाळा बघायला. १८३६-३७ मधली, लाकडी, एकच खोली. आत बाकं मांडून ठेवली आहेत. त्या काळी ओहायोच्या कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना सरकारी शाळेची दारं बंद होती. या खोलीत मात्र गोरी आणि काळी मुलं पहिल्यापासून शेजारी बसून शिकली. मी बराच वेळ तिथेच रेंगाळलो.

कॉलेजने कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यायचा निर्णय १८३५ मध्ये घेतला, तोही काठावर. विश्वस्तांची मतं समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांच्या मताने दार उघडलं. पैशांची चणचण होतीच. गुलामगिरीविरोधी व्यापारी टॅपन बंधूंची मदत या निर्णयावर अवलंबून होती. १८३७ मध्ये पदवीच्या वर्गात चार मुली आल्या. १८६२ मध्ये मेरी जेन पॅटरसन इथून बी.ए. झाली, अमेरिकेत ही पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री मानली जाते. ज्या जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यांनीच 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. असे सज्जन या गावात घरोघरी होते.

तरी सगळं गोड नव्हतं. मुलींना मुलांचे कपडे धुवावे लागत. पदवीदान समारंभात स्वतःचा निबंध वाचायलाही त्यांना मनाई होती. १८४७ मध्ये लूसी स्टोनने म्हणूनच निबंध लिहायला साफ नकार दिला. मला तिचा फार अभिमान वाटतो.

कॉलेजच्या आवारात एक शिल्प आहे : जमिनीतून वर आलेले रेल्वेचे रूळ. गुलामांना कॅनडाकडे पोचवणाऱ्या, 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हटल्या जाणाऱ्या गुप्त वाटांची ती आठवण. सप्टेंबर १८५८ मध्ये केंटकीहून निसटलेल्या जॉन प्राइसला गुलाम पकडणाऱ्यांनी फसवून गावाबाहेर नेलं आणि जवळच्या वेलिंग्टनमध्ये हॉटेलात डांबलं. बातमी कळताच ओबर्लिनकर धावले, त्याला सोडवून आणलं, लपवलं आणि कॅनडाला रवाना केलं. पळालेल्या गुलामाला मदत करणं तेव्हा गुन्हा होता, म्हणून ३७ जणांवर आरोप ठेवले गेले. शिक्षा झालेल्या दोघांपैकी एक चार्ल्स लँगस्टन. १८३५ मध्ये इथे शिकायला आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी तो, आणि पुढे स्वतः शिक्षक झालेला. कोर्टात त्याने असं भाषण केलं की न्यायाधीशांनी शिक्षा वीस दिवसांवर आणली.

लाल शाळेजवळच रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक ज्युएट यांचं घर आहे. त्यांचा विद्यार्थी चार्ल्स हॉल याने फेब्रुवारी १८८६ मध्ये घरच्या लाकडांच्या खोपटात विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं केलं. एके काळी मौल्यवान असलेला हा धातू त्यामुळे पुढे घरोघरच्या पातेल्यांपर्यंत पोचला. त्या खोपटाची प्रतिकृती ज्युएट यांच्या घरात आहे. हॉलची बहीण ज्युलियाही ओबर्लिनमध्येच रसायनशास्त्र शिकली होती आणि या प्रयोगाची ती साक्षीदार होती. गेलात तर तिच्याबद्दल आवर्जून विचारा.