आमची वाटचाल : पाकिटाच्या मागच्या बाजूने

मुलांच्या खाऊच्या धंद्यात गिऱ्हाइकं दोन असतात. पैसे देणारं एक, खाणारं दुसरं, आणि दोघांचं क्वचितच पटतं. पैसे देणारं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतं, निदान हल्ली वाचायला लागलंय. खाणारं एक तुकडा तोंडात टाकतं आणि तिथल्या तिथे निकाल देतं. धाकट्या जाऊबाईंनी आणि मी हा उद्योग सुरू केला तेव्हाच ठरवलं होतं की पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापायचं ते शेवटी बघू. आधी मागची बाजू लिहायची आणि मग ती खरी ठरेल असा माल करायचा. वाचायला सोपं वाटतं. धंदा करायला हा सगळ्यात महागडा रस्ता आहे.

महागडा कशाने, तर साखरेने. खाऊत साखर फक्त गोडीसाठी असते असं घरी वाटतं. कारखान्यात कळतं की ती वजन भरते, तुकडे एकमेकांना बांधून ठेवते, भाजताना रंग आणते, पाणी धरून ठेवून पदार्थ टिकवते, आणि एवढं सगळं करून ती बहुतेक घटकांपेक्षा स्वस्तही असते. ती कमी केली की प्रत्येक कामासाठी दुसरं कुणीतरी नेमावं लागतं. बांधायला डाळीचं पीठ किंवा दाण्यांचं लोणी, वजनाला ओट्स, गोडीला फळ. हे सगळे साखरेपेक्षा जास्त पगार मागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी ‘मुक्त साखरे’तून, म्हणजे मुख्यतः वरून घातलेल्या साखरेतून, यावेत, ५ टक्क्यांच्या खाली आले तर आणखी चांगलं. साधारण १५०० कॅलरी खाणारं मूल धरलं तर १० टक्के म्हणजे ३७ ग्रॅमच्या आसपास, चहाचे नऊएक चमचे. ५ टक्के धरले तर पाच चमचेही नाहीत. यात मध, सिरप आणि फळांचा रससुद्धा मोजला जातो. म्हणून खजुराचं सिरप ओतून पाकिटावर ‘साखर नाही’ असं लिहिणं मला पटलं नाही. आमच्या मऊ बारमध्ये अख्खा खजूर वाटून घालतो. त्यात तंतू राहतात हे खरं, पण तो गोडच असतो आणि दाताला चिकटतोही. त्यामुळे ‘साखर नाही’ हे शब्द आमच्या कुठल्याच पाकिटावर नाहीत.

सुरुवातीच्या काळात एका सल्लागाराने आम्हाला एक युक्ती शिकवली होती. बहुतेक देशांत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. मग थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडा मध अशी वाटणी करायची. प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि ओट्स पहिल्या नंबरावर येतात. नियमात बसतं. आई मात्र तेवढीच फसते. आम्ही त्यांची फी दिली आणि युक्ती तिथेच ठेवली.

दुसरी लढाई कुरकुरीतपणाची. जाऊबाईंचं वाक्य आमच्याकडे पाठ झालंय : “ताई, मुलांना प्रोटीन कळत नाही, कुरकुर कळते.” तळणीत गरम तेल पदार्थातलं पाणी झपाट्याने बाहेर काढतं, त्या जागी बारीक छिद्रं राहतात, आणि तेल त्यात शिरतं. कुरकुर आणि तेल असे जोडीने येतात. भट्टीत पाणी सावकाश जातं, त्यामुळे बाहेरून रंग चढतो आणि आत चिवट राहतं. आम्ही हरभरा आणि ओट्सच्या पट्ट्या अगदी पातळ लाटायला लागलो, त्यांना टोचे मारले, भाजून झाल्यावर कमी आचेवर पुन्हा वाळवल्या. आच वाढवून वेळ वाचवता आला असता. पण पिठूळ पदार्थ १२० अंश सेल्सिअसच्या वर भाजले-तळले की त्यात ॲक्रिलामाइड हे तब्येतीला घातक समजलं जाणारं रसायन तयार होऊ शकतं, हे २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. रंग गडद होत जाईल तसं ते साधारणपणे वाढतं. म्हणून भट्टीजवळ रंगाचं कार्ड टांगलेलं आहे. फिक्या सोनेरीच्या पुढे गेलेला घाणा पाकिटात जात नाही, मग तो चवीला कितीही खमंग असो. (असतोच. तो आम्ही मोठी माणसं खातो.)

मिठाचं त्या मानाने सोपं निघालं. पिठात मळलेलं मीठ बरंचसं जिभेला न कळताच पोटात जातं. तेच बारीक करून वरून भुरभुरलं की कमी मिठातही चव लागते. जोडीला लिंबाचा आंबटपणा दिला की काम भागतं.

मुलांना चव दाखवणं हा मात्र वेगळाच प्रकार. मोठी माणसं “छान आहे, पण...” म्हणतात. मूल तोंडातला घास हातावर काढून परत देतं. दोन ते सहा वर्षांच्या वयात नवीन पदार्थाला नकार देणं अगदी स्वाभाविक असतं, आणि तीच चव आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आली की मग पुष्कळ मुलं ती स्वीकारतात. आईबापांना हे सांगायला बरं आहे. विकणाऱ्याने काय करायचं? पाकीट एकदा परत आलं की दहावी वेळ यायचीच नाही. यावर आम्ही दोन उपाय केले. एक, दोन घासांची छोटी पाकिटं काढली, म्हणजे नकार आला तरी नुकसान थोडं. दुसरं, आकार एकच ठेवला आणि चव बदलली. ओळखीच्या पट्टीला मुलं हात तरी लावतात.

स्वयंपाकघरातून कारखान्यात आल्यावर टिकवण्याचं शास्त्र शिकावं लागलं. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा त्यातलं जंतूंना वापरता येणारं पाणी किती हे महत्त्वाचं असतं. त्या मोजपट्टीवर, ज्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. कोरड्या पट्ट्या तिथे आरामात बसतात. त्यांच्यात खजुराचे तुकडे घालावेत अशी दुकानदारांची फार इच्छा होती. पण बंद पाकिटात खजुराचा ओलावा पट्टीत शिरतो आणि दोन्हींची चव जाते, म्हणून बार वेगळा आणि पट्टी वेगळी. दाणे आणि तीळ यांच्या तेलाचं दुखणं निराळं. हवा आणि उजेड लागला की ते खवट होतं. म्हणून पाकिटाला पारदर्शक खिडकी नाही, आणि आत नायट्रोजन भरलेला असतो. “अर्धं पाकीट हवेनेच भरलंय” ही तक्रार आम्हालाही येते. ती हवा नसते, तरी ऐकून घेतो.

मोठ्या दुकानांनी पुढच्या बाजूला ठळक दावे मागितले, आम्ही ते दिले नाहीत, आणि काही ठिकाणी फळीवर जागा मिळाली नाही. पाळणाघरं आणि शाळांची उपाहारगृहं हळूहळू आली. तिथे पाकीट उलटं करून वाचणारं माणूस पगारीच असतं.

सध्या हाती घेतलंय ते दाण्यांचं काम. अख्खे दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून आमच्याकडे ते आधीपासून वाटूनच वापरतात. ॲलर्जीचा प्रश्न त्याने सुटत नाही. एकाच भट्टीवर, एकाच टेबलावर माल होतो, त्यामुळे दाणे नसलेल्या पट्टीवरही ‘दाण्यांचा अंश असू शकतो’ हे छापावं लागतं, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाच्या दृष्टीने ती पट्टी बादच. वेगळी खोली, वेगळी यंत्रं, वेगळे एप्रन, वेगळी हवा असा खर्चाचा कागद तयार आहे. जाऊबाईंचं म्हणणं, आधी खोली बांधू. माझं म्हणणं, आधी उधारी वसूल करू. खोलीची मापं घेऊन झाली आहेत.