शिवडीला आता का नेत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर जानेवारीला कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, यंदा फ्लेमिंगो बघायला नेणार ना?" मी गुडघ्याचं कारण पुढे करते. गुडघा दुखतो हे खरं, पण कारण ते नाही.

नेलं की प्रत्येक जण जेट्टीवर पहिलं वाक्य तेच टाकतो, "हे तर पांढरेच आहेत." अहो, रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, मोठा आणि छोटा या त्याच्या दोन जाती. मोठा रोहित उभा असला की पांढुरकाच दिसतो, लाली मिटलेल्या पंखांत असते. छोटा रोहित जरा जास्त गुलाबी, चोच गडद लाल. करडी दिसतात ती पिल्लं, त्यांना रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. तो रंगही खाण्यातून येतो. छोटा रोहित सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा कोळंबीच्या जातीतले बारके जीव आणि अळ्या. त्यातली कॅरोटीन द्रव्यं पिसांत उतरतात. "केमिकलच्या पाण्याने गुलाबी झालेत" असं सांगणाऱ्यांनी कच्छच्या रणातले रोहित कशाने गुलाबी होतात तेही सांगावं.

आता खरं कारण. सात-आठ वर्षांपूर्वीची माघातली षष्ठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे साडेचारची भरती, साडेदहाच्या सुमारास ओहोटी. सोसायटीतली बावीस माणसं घेऊन मी नवालाच पोचले. चिखल उघडा पडत होता आणि पक्षी पाण्याच्या कडेने सरकत होते, माना खाली, चोची उलट्या. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत-बाहेर जातं आणि चोचीच्या कडेच्या झालरीत खाणं अडकतं. अगदी जवळ एक मोठा रोहित स्वतःभोवती फिरत पायांनी चिखल तुडवत होता, तळातलं खाणं वर यावं म्हणून. मी जीव तोडून तो दाखवत होते. कोणी बघेना. "उडत नाहीत का हो? फोटोत काहीच येत नाहीये." दुसऱ्या मजल्यावरची छोटी तर रडायलाच आली.

मी उपम्याचा रिकामा स्टीलचा डबा कठड्यावर आपटला. तीनदा.

सगळा थवा उठला. तांबडे पंख, काळ्या कडा. लोकांनी टाळ्या पिटल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? पक्षी ट्रॉम्बेच्या बाजूला गेले. आम्ही भरतीचं पाणी चढेपर्यंत थांबलो, त्या तुकड्यावर एकही परतला नाही. त्यांचं ताट मांडलेलं असतं ते तेवढेच तास. चिखलात त्या एकाने तुडवलेलं वर्तुळ राहिलं होतं, तेही हळूहळू भरलं.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, इथे बोटी, भराव, पुलाचं काम. २०२४च्या मेमध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसच्या वर रोहित मेले. तुझ्या डब्याचं काय घेऊन बसलीस? मला उत्तर सुचत नाही. तरी पुढच्या हिवाळ्यापासून मी कोणाला नेलं नाही. एकटी जाते, दुर्बीण घेऊन, लांबून.

ती छोटी आता कॉलेजात आहे. लिफ्टमध्ये भेटली की म्हणते, "काकू, तो दिवस आयुष्यात विसरणार नाही!" आणि हाताने डबा आपटल्याची नक्कल करते. मीही हसते.