सूर तुटू नये म्हणून: घरच्या राउटरसोबत आठवडाभर

संथ लयीत आलाप चाललेला असतो, सूर लांबवलेला असतो आणि तो पोचायच्या आधीच खोलीत शांतता पसरते. दोन-तीन सेकंदांनी गाणं पुन्हा सुरू होतं खरं, पण तोवर तंद्री मोडलेली असते. काही महिने माझ्याकडे रोज संध्याकाळी हे होत होतं. दुसरी तक्रार सांगायला जरा अवघड होती. तेच गाणं काही दिवशी भरीव, मोकळं वाटायचं आणि काही दिवशी बसकं. झांजेची किणकिण विरघळून गेल्यासारखी, गायकाचा श्वास ऐकूच येत नाही असं.

माझी मांडणी साधी आहे: इंटरनेटवरून गाणी आणून वाजवणारा एक स्ट्रीमर, त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. राउटर मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, कपाटात. खास संगीतासाठी म्हणून विकले जाणारे राउटर, स्विच, केबल यांच्याबद्दल मी बरंच वाचलं होतं आणि त्यातलं काहीतरी घ्यायचं जवळजवळ ठरवलंही होतं. माझा धाकटा भाऊ नेटवर्कच्या कामात आहे. तो फोनवर म्हणाला, "ताई, आधी मोजून बघ. कुठे अडतंय ते कळल्याशिवाय काही घेऊ नकोस." नवा राउटर मी शेवटी घेतला, कारण जुन्याला फर्मवेअरचे, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट यायचे बंद झाले होते. पण घेतला तो साधा घरगुती. भावाच्या सांगण्यावरून एकच गोष्ट पाहून घेतली: त्यात एसक्यूएम नावाची सोय हवी. तिचं काम पुढे येईलच.

सगळ्यात आधी गाण्यांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे आवाजाचा दर्जा 'ऑटोमॅटिक'वर होता. म्हणजे नेटवर्क जरा ढिलं पडलं की ॲप न विचारता कमी दर्जाचा प्रवाह मागवतं. बसक्या आवाजाचं कारण तेच. मी सर्वोच्च दर्जा पक्का केला, तर गाणं आधीपेक्षा जास्त वेळा तुटायला लागलं! तेव्हा लक्षात आलं की दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, डेटा वेळेवर पोचत नाही. ॲपला मुभा असली की ते दर्जा उतरवून वेळ निभावून नेतं. मुभा काढली की गाणं थांबतं.

खरं तर संगीताला फार डेटा लागतच नाही. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला १४११ किलोबिट. फ्लॅक या फाइलच्या प्रकारात तो आटून बहुधा निम्मा-पाऊण होतो आणि आवाजातलं काहीही गमावत नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग घेतलं तरी मूळ प्रवाह सव्वानऊ मेगाबिटांच्या आतच. माझी जोडणी १०० मेगाबिटांची, आणि वेग तपासला की आकडा पूर्ण यायचा. मग अडत कुठे होतं?

पहिलं उत्तर कपाटात मिळालं. फोनवर सिग्नल मोजायचं ॲप घेऊन मी स्ट्रीमरच्या जागी उभी राहिले, तर उणे ७८ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक). हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ पर्यंत निर्धास्त राहावं आणि उणे ८० च्या आसपास सगळं कुरकुरायला लागतं, असा ढोबळ अंदाज धरतात. राउटर कपाटातून काढून दोन खोल्यांच्या मधल्या भागात, उंच फळीवर, उघड्यावर ठेवला. आकडा उणे ५८ वर आला. २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट शक्ती. ज्यांना एकच गोष्ट करायची आहे त्यांनी राउटर उघड्यावर आणावा. माझ्या आठवड्यातल्या कुठल्याच सेटिंगने एवढा फरक पडला नाही.

नव्या राउटरला नाव-पासवर्ड देणं, आधीचा ठरावीक पासवर्ड बदलणं, फर्मवेअर ताजं करणं यात अर्धा तास गेला. नेटच्या जोडणीसोबत आलेला डबा मात्र डोकेदुखी ठरला. तो डबा स्वतःही राउटरच होता. त्याच्या मागे मी दुसरा राउटर लावला, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. फोन सवयीने जुन्या वायफायवर, स्ट्रीमर नव्यावर. ॲपला स्ट्रीमर दिसेचना! अशी यंत्रं एकाच नेटवर्कमध्ये हाका मारून एकमेकांना शोधतात आणि ती हाक दुसऱ्या नेटवर्कमध्ये जात नाही. डबा ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे त्याने फक्त बाहेरची जोडणी आत आणायची आणि बाकी सगळं नव्या राउटरने पाहायचं. मग स्ट्रीमर लगेच दिसला. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर स्पीकर जोडला तरी हाच घोटाळा होतो, कारण तिथली यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात.

आता वायफायचा चॅनल. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर हार मानतं, पण राउटर मधोमध आल्यामुळे मला ते पुरत होतं. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि स्ट्रीमरला ५ वर बसवलं, कारण एकच नाव असताना तो हटकून २.४ वर जाऊन बसायचा. तरीही दोन दिवसांनी भर गाण्यात वायफाय नाहीसं झालं. राउटरच्या लॉगमध्ये रडारची नोंद होती. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात आणि सगळी यंत्रं क्षणभर तुटतात. माझ्या राउटरने आपणहून १०० क्रमांक निवडला होता. मी हाताने ४४ लावला. तो प्रकार पुन्हा झाला नाही.

एवढं करूनही संध्याकाळचं तुटणं पुरतं गेलं नव्हतं. सकाळी सगळं सुरळीत, संध्याकाळी अधूनमधून खंड. भाऊ म्हणाला, "वेग नको बघूस ताई, विलंब बघ." पिंग, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, चालू ठेवून बसले. एरवी १४ मिलिसेकंद. सातच्या सुमारास आकडा चढत चढत ७०० वर गेला. त्याच वेळी घरातले फोन दिवसभराचे फोटो वर पाठवत होते.

हे मला सगळ्यात रंजक वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. गाण्याचा डेटा येतो तेव्हा स्ट्रीमर प्रत्येक टप्प्याची पोच परत पाठवतो. पोच मिळेपर्यंत सर्व्हर ठरावीक मर्यादेपलीकडे पुढचं पाठवत नाही. समजा ती मर्यादा २५६ किलोबाइट आहे. पोच १४ मिलिसेकंदांत पोचली तर काहीच प्रश्न नाही. पण तीच पोच वर जाणाऱ्या फोटोंच्या रांगेत अडकली आणि ७०० मिलिसेकंदांनी पोचली, तर सेकंदाला जेमतेम तीन मेगाबिट हाती येतात. नळ १०० मेगाबिटांचा असला तरी! १९२ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगला ते पुरत नाही. वेग तपासणारी ॲप एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, त्यामुळे त्यांना हे दुखणं दिसत नाही.

एसक्यूएम याच रांगेसाठी असतं. माझी वर जाण्याची क्षमता २० मेगाबिट होती. राउटरमध्ये ती १८ लिहिली, खाली येण्याची ९०. थोडी कमी लिहायची, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि तो छोट्या पोचांना फोटोंच्या ढिगामागे थांबू देत नाही. फोटो जात असतानाच पुन्हा पिंग पाहिलं: २२. मी तो आकडा भावाला लगेच पाठवला.

पुढचा प्रश्न केबलचा. स्ट्रीमर हलत नाही, जागा ठरलेली, मग त्याला वायफायवर का ठेवायचं? भिंतीच्या कडेने इथरनेट केबल ओढली. स्ट्रीमरचं पोर्ट १०० मेगाबिटांचंच होतं, आणि ते पुरेसं आहे हे वरच्या हिशेबावरून कळेलच. केबल लावली आणि स्पीकरमधून बारीक गुणगुण यायला लागली. गाणं बंद असतानाही. नेटवर्कने आवाजाला प्रत्यक्ष हात लावल्याचा हा माझा एकमेव अनुभव. मी घेतलेली केबल धातूच्या आवरणाची होती. इथरनेट पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे डेटाच्या तारा दोन यंत्रांना विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवतात. पण बाहेरचं धातूचं आवरण दोन्ही टोकांच्या अर्थिंगला जोडत होतं. आवरण नसलेली साधी कॅट ६ केबल लावली. गुणगुण गेली.

मग भाऊ घरी आला तेव्हा मी त्याला मनातली गोष्ट विचारली. केबलवर आवाज जास्त मोकळा वाटतो, ते खरं की भास? तो म्हणाला, "गाणं लाव आणि मधेच केबल काढ." काढली. गाणं चालूच राहिलं, सुमारे ४० सेकंद. स्ट्रीमरने तेवढा साठा आधीच बफरमध्ये भरून ठेवला होता. त्या ४० सेकंदांत नेटवर्क नव्हतंच आणि आवाजात तसूभर फरक नव्हता. वाटेत डेटाचं एखादं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, साठ्यात पोचतात ते बिट सर्व्हरवरच्यासारखेच. त्यांचा आवाज होतो स्ट्रीमरच्या डॅकमध्ये, म्हणजे बिटांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या भागात, त्याच्या स्वतःच्या घड्याळावर. मी डोळे मिटून केबल आणि वायफाय ओळखायचा प्रयत्नही केला. तो मागे जाऊन बदलायचा, मी सांगायचे. १२ पैकी ७ बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तरी सहाच्या आसपास आलेच असते. खास संगीताच्या म्हणून पाहिलेल्या स्विचचं पान मी त्या रात्री बंद केलं.

शेवटचं काम म्हणजे राउटरमध्ये स्ट्रीमरचा पत्ता कायमचा राखून ठेवला आणि सगळी सेटिंग एका कागदावर लिहून फळीच्या आतल्या बाजूला चिकटवली: चॅनल ४४, वर १८, खाली ९०, डबा ब्रिज मोडवर. काल संध्याकाळी सात वाजता फोटो वर जात होते, दर्जा सर्वोच्च होता आणि मी दिवा मालवून ऐकत बसले होते. लांबवलेला सूर शेवटपर्यंत पोचला, त्यामागचा श्वासही ऐकू आला.