जिम्नीची बर्फातली चाकं: टायर ठरले, डिस्क मिळाल्या, चेन बाकी

मंडळी, सोलापूरहून मनालीच्या बर्फात जायला गाडीची चाकं तयार करतोय, ते काम पुढे सरकलंय. गाडी मारुतीची जिम्नी, टायरचं मूळ माप १९५/८० आर१५, म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद. बेत असा: गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीअखेर मनाली आणि रस्ता उघडा असेल तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलातलं सिस्सू. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा २०२० मध्ये खुला झाला आणि हिवाळ्यातही लाहौलात गाडी नेता यायला लागली. तोवर बर्फाच्या टायरची चर्चा सोलापुरात करायचं काही कारणच नव्हतं. आपल्याकडे बर्फ म्हटलं की रसवंतीवरचा.

आधी मोठा प्रश्न निकालात काढतो. सोलापूरच्या गाडीला खरेखुरे विंटर टायर घ्यावेत का? माझं मत, घेऊ नयेत. विंटर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खालच्या थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. त्या थंडीत आपला नेहमीचा हायवे टायर कडक होतो आणि पकड सोडतो, हे खरंच आहे. पण इथे जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. आपल्या दारातून जाणारा एनएच ५२ धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत पार पंजाबातल्या संगरूरपर्यंत जातो. एका बाजूचं अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर, त्यातला बहुतेक भाग कोरडा, तापलेला रस्ता. त्या रस्त्यावर मऊ रबर झपाट्याने झिजतं, वळणावर गाडी लुचपुचते आणि ब्रेक मारल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. प्रत्यक्ष बर्फावर चाक फिरणार ते शेवटच्या थोड्याशा टप्प्यात. श्रीनगरला राहणाऱ्या माणसाचं गणित वेगळं, त्याने जरूर घ्यावेत. शिवाय जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे बाहेरून चार मागवू म्हणणंही सोपं राहिलेलं नाही.

मग मधला मार्ग: ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारा टायर, पण साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेला. दुकानात इथेच गोंधळ होतो. मला एकाने छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, एम प्लस एस लिहिलंय की, बर्फाचाच आहे!" एम प्लस एस हा बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा, नक्षी चिखल-बर्फाला बरी एवढाच त्याचा अर्थ. डोंगर-हिमकणाची खूण मात्र बर्फावरच्या पकडीची ठरलेली चाचणी पास झाल्याशिवाय लावता येत नाही. बीएफगुडरिच केओ२ वर ती आहे, पण तो टायर वजनाला भारी आणि जिम्नीचं इंजिन काही पैलवान नाही. मी योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५ घेतला, तोही खूण डोळ्यांनी बघून, त्या ठोकळ्यांमधल्या बारीक चिरांवर नख फिरवून. बर्फाला धरतात त्या याच चिरा. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडेही वाचून घ्या. ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्या भावात कशाला घ्यायचा?

माप मूळचंच ठेवलंय. यावरून बरीच बोलणी खाल्ली. "२१५/७५ टाक, गाडी भरल्यासारखी दिसते," असा सगळ्यांचा आग्रह. तो टायर उंचीला साडेदहा मिलिमीटर मोठा, म्हणजे दीड टक्का. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण ताज्या बर्फात अरुंद टायर खाली रुततो, रुंद वर तरंगतो, आणि चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर बांधायची साखळी, लावायची तर आत जागाही हवी. दिसण्यासाठी रुंद चाकं हवी असतील तर ती विजापूर रोडवर फिरवायला ठेवा.

डिस्क, म्हणजे टायर बसतो ती रिम, लोखंडीच. अलॉयला चेन घासली की ओरखडे, आणि खड्ड्यात तडा गेला तर वाटेत कोण जोडून देणार? लोखंडी वाकली तर हातोड्याने ठोकून पुढच्या गावापर्यंत तरी जाता येतं. जिम्नीच्या खालच्या मॉडेलला कंपनीकडूनच लोखंडी डिस्क येतात आणि हौशी लोक पहिल्याच महिन्यात त्या काढून अलॉय टाकतात. अशाच एकाकडून माझा सेट आला. दुसऱ्या गाडीच्या डिस्क घेणाऱ्यांनी जपून. ५ बाय १३९.७ हा पीसीडी, म्हणजे पाच बोल्टांच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास, जुळला म्हणजे चाक जुळलं असं नाही. मधलं भोक १०८ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर डिस्क हबवर बसणारच नाही. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) आणि नटाची बैठकही बघावी लागते.

हवेचं गणित मला सगळ्यात मजेशीर वाटलं. समजा सोलापुरात ३५ अंशांना ३० पीएसआय भरली. सिस्सूला उणे ५ असेल तर नुसत्या थंडीने जवळपास ६ पीएसआय उतरायला हवी. पण गेज दाखवतो तो आतला आणि बाहेरचा फरक. ३१०० मीटरवर बाहेरचा दाब १४ वरून १० पीएसआयच्या आसपास येतो, म्हणजे गेजवर चारेक परत मिळतात. निव्वळ घट दोनच. घाबरून वर खूप हवा भरली आणि तशीच खाली चंदीगडच्या उन्हात आणली, तर भलतंच गणित होईल. रोज सकाळी गार टायरवर मोजायचं, बस.

तुळजापूर घाटात टायर पळवून आणले. ऐंशीच्या वर गुणगुणतात, स्टिअरिंग किंचित जड. चालतंय. मूळची चाकं गच्चीवर न ठेवता जिन्याखाली एकावर एक रचली आहेत, वर जुनी चादर. आपल्या गच्चीवरचं मे महिन्याचं ऊन रबराला खाऊन टाकतं.

राहिली चेन. फोर बाय फोर आहे म्हणून चेन नको, हे मला पटत नाही. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते, थांबते मात्र टायरच्या पकडीवरच, आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर हिमकणवाला टायरही घसरतो. होटगी रोडच्या मोकळ्या प्लॉटवर हातमोजे घालूनच चेन लावायचा सराव करणार आहे, कारण बर्फात उघड्या बोटांनी कडी अडकवता येणार नाही. ज्यांनी १९५ वर चेन लावली आहे त्यांनी एवढंच सांगा: स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढे आतल्या बाजूला किती बोटं जागा उरते?